समन्वय म्हणजे कुणी गप्प बसायचं?

दोस्तांनो, शाळाशाळांतून एक शब्द फार चालतो : समन्वय. स्टाफमध्ये वाद झाला की संस्थाचालक म्हणतो, समन्वय ठेवा. मुख्याध्यापक म्हणतो, आपलं कुटुंब आहे, घरातलं घरात मिटवा. मी माध्यमिक शाळेतला मास्तर. मला विचारायचंय, या कुटुंबात आम्ही कोण? सालगडी?

वाद कशावरून होतात ते आधी बघा. वेळापत्रक लावताना दहावीचं गणित कुणाला जातं? पोषण आहाराचा तांदूळ मोजणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, मतदारयाद्या कुणाच्या गळ्यात पडतात? 'तुमच्याच पोरांचे फॉर्म, तुम्हीच भरा.' हे हसत हसत बोललं जातं, म्हणून तो वाद नसतो. आपला माणूस 'का?' म्हणतो, तिथून वाद सुरू होतो! अन्याय करणारा मनमिळाऊ, विचारणारा भांडखोर. वा रे व्याकरण!

हे आजचं नाही. 1918 साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. परदेशात शिकून आलेला माणूस. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी ते पितात, म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. आजच्या भाषेत हाही कर्मचाऱ्यांमधला वादच. समन्वयवाल्यांनी काय सुचवलं असतं? घरून तांब्या आणा. बाबासाहेबांनी पाण्याचा प्रश्न 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर नेला.

प्रत्येक वाद जातीचा नसतो, हे मलाही कळतं. रजेवरून, चहाच्या वर्गणीवरून मास्तर भांडतात. ते चहा पाजून मिटवावेत. पण हक्काचा वाद आणि चहाचा वाद एकाच किटलीत उकळू नका.

कुणी म्हणेल, पोटावर पाय येईल. खरंय. म्हणूनच कायदा वाचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या. अनुदानित शाळेत पगार सरकारचा, हुकूम संस्थाचालकाचा. त्याला लगाम म्हणून 1977 चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. सेवाज्येष्ठतेची यादी ठेवणं सक्तीचं. मुख्याध्यापकपद पात्र ज्येष्ठ शिक्षकाचं, पण त्याची सेवा समाधानकारक हवी. ग्यानबाची मेख इथंच आहे! गोपनीय अहवालात दरसाल एक ओळ खरडायची : 'सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाहीत.' दहा वर्षांच्या दहा ओळी मिळून आपली खुर्ची खातात.

प्रतिकूल शेरा कळवावा लागतो, हेही त्याच नियमावलीत आहे. कळवला तर लेखी उत्तर द्या. नाही कळवला तर लेखी मागा. पोच घ्या. चौकशी लागली तर समितीतल्या तिघांपैकी एक माणूस आपण द्यायचा असतो. मिंधा देऊ नका. नोकरीवरून काढलं, किंवा डावलून दुसऱ्याला बढती दिली, तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं असतं. 'जरा थांबा, बसून मिटवू' म्हणत नेमके तेच तीस दिवस घालवतात. मग उशीर का झाला, ते न्यायाधीशाला पटवत बसा. समन्वयाचा खरा उपयोग हा!

आणि आपल्या मास्तरांनो, रागवा हवं तर. राखीव जागेवर लागलात आणि स्टाफरूममध्ये जयभीम म्हणायला जीभ जड होते? शिक्षक संघटना पगार-पेन्शनचा मोर्चा काढतात, काढावाच. पण बिंदुनामावलीचा विषय निघाला की घड्याळ बघतात. आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर घड्याळ बघता!

तरुण कार्यकर्त्यांनो, जयंतीचा मंडप घालता तेवढ्याच हौसेनं गावच्या शाळेतल्या एकट्या मास्तराकडे, एकट्या बाईंकडे जा. ज्येष्ठता यादी काढा. अर्ज लिहायला बसा. एकट्याची तक्रार दाबता येते, चार माणसं सोबत आली की दाबणं अवघड जातं.

कारण हे फक्त खुर्चीचं भांडण नाही. आपला मास्तर मान खाली घालून तांदूळ मोजतो, ते मागच्या बाकावरचं आपलं पोरगं बघतं. त्याला समता कुठल्या पुस्तकातून शिकवणार?

शांत शाळा आम्हालाही हवी. पण आधी हिशेब, मग समन्वय.

जयभीम.