मेथीची जुडी परत द्या



माझी आत्या ८४ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून ती वृद्धाश्रमात राहते. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर मिळतं, सेविका मायाळू आहेत. गेल्या महिन्यात भेटायला गेले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी मेथीचा ढीग पडला होता. आत्याने सहज एक जुडी उचलली आणि सेविकेने तितक्याच सहज ती काढून घेतली. "आजी, तुम्ही बसा हो, आम्ही आहोत ना!" पन्नास वर्षं आठ माणसांचं घर चालवलेली बाई चहाची वेळ होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मायेपोटी का होईना, हा अन्याय आहे. म्हातारपणी विश्रांती हवी हे खरं, पण विश्रांती कामानंतरची असते. दिवसभर नुसतं बसून सांधे आखडतात, पायांतलं बळ जातं, भूक मंदावते. स्मृतिभ्रंश झालेल्यांना नातवाचं नाव आठवत नसतं, तरी वाती वळताना, पंच्याच्या घड्या घालताना हात चुकत नाहीत, कारण हातांच्या सवयी बऱ्याचदा उशिरा पुसल्या जातात. नेदरलँड्समधल्या वेस्प गावी हॉगवेक ही अशा रुग्णांचीच वसाहत आहे. तिथे सहा-सात जणांचं एकेक घर असतं, स्वयंपाक त्या घरातच होतो आणि ज्याला जमेल तो हात लावतो. अमेरिकेत एलन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका शुश्रूषागृहातल्या काही वृद्धांना आपले निर्णय आपण घ्यायला सांगितलं आणि एकेक रोपटं सांभाळायला दिलं. दुसऱ्या गटाच्या रोपट्यांना परिचारिका पाणी घालत. तीन आठवड्यांत पहिला गट अधिक तरतरीत आणि आनंदी दिसला.

व्यवस्थापक पडझडीची आणि स्वच्छतेची भीती सांगतात. टेबलाशी बसून, हात धुऊन, विळी आणि गॅस दूर ठेवून मटार सोलण्यात कसला धोका? खरी अडचण आम्हा नातेवाइकांचीच आहे. "पैसे भरतो ते आईला भाजी निवडायला लावायला का?" असं विचारणारे मी ऐकलेत. ही शंका अगदीच वावगी नाही. म्हणून दोन अटी हव्यात: ज्याला नको त्याला आग्रह नको, आणि रहिवाशांनी हात लावला म्हणून एकही कामगार कमी करायचा नाही. पुरुषांनाही वगळू नये. जन्मभर खतावण्या लिहिलेल्या आजोबांना दुधाचा आणि वाणसामानाचा हिशेब ठेवू द्या.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक निराधारांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. असे आश्रम बांधताना मोठ्या स्वयंपाकघराला लागून बसून काम करण्यासारखी एक ओसरी आराखड्यातच धरावी.

आत्याच्या आश्रमाने रविवारी सकाळी अर्धा तास व्हरांड्यातलं टेबल द्यायचं कबूल केलं आहे. या रविवारी मी पेढे न नेता दोन किलो मटार नेणार आहे.

— एक भाची, नाशिक