मैला खाडीत, माणूस टाकीत!

कोकण किनाऱ्यावरील लहान गावांतही आज घरोघर शौचालये झाली आहेत. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेने या कामास वेग दिला, हे कोणीही मान्य करील. परंतु त्या शौचालयांतील मैला पुढे कोठे जातो, असे विचारताच गावचे पुढारी समुद्राकडे बोट दाखवितात. खाडी सर्व काही पोटात घेते, असे ते सांगतात. हे धादांत असत्य आहे आणि त्याची किंमत दुसरेच लोक मोजीत आहेत.

सेप्टिक टाकी बांधली म्हणजे मैला शुद्ध झाला, हा पहिला भ्रम होय. टाकीत जड गाळ तळाशी बसतो व त्याचा काही भाग कुजतो. वरचे पाणी मात्र रोगजंतूंसह बाहेर पडते. ते शोषखड्ड्यात मुरावे अशी अपेक्षा असते. पण किनाऱ्याची वाळू सैल, जांभ्या दगडाला भेगा, आणि पावसाळ्यात भूजल अगदी वर आलेले! मग ते पाणी विहिरीत उतरते किंवा गटाराने खाडीस मिळते. तिसऱ्या व कालवे पाणी गाळूनच अन्न मिळवितात. म्हणून त्यांत साठलेले जंतू गरिबाच्याच ताटात परत येतात.

शिवाय टाकीतील गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. तो उपसावयाचा कोणी? केंद्र सरकारच्या नमस्ते योजनेत २०२४ पर्यंत नोंदलेल्या सुमारे ३८ हजार गटार व टाकी सफाई कामगारांपैकी जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. हा योगायोग आहे काय? टाकीतील विषारी वायू जात विचारीत नाही. टाकीत कोणाला उतरवावयाचे हे मात्र जातीवरून ठरते!

कायदा नाही म्हणून हे चालते, असेही नाही. हाताने मैला साफ करविण्यास व संरक्षक साधनांवाचून माणसास टाकीत उतरविण्यास बंदी करणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. माणूस असा उतरविल्यास पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण भरपाई मृत्यूनंतर मिळते. आम्हांस जिवंत माणूस हवा आहे.

लहान गावास हे परवडत नाही, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. वाई व सिन्नर येथील नगरपरिषदांनी २०१८ पासून ठरावीक आवर्तनाने टाक्या यंत्रगाडीने उपसण्याची व्यवस्था उभी केली. तो गाळ वाळवणीच्या वाफ्यांवर पसरावा, निथळलेले पाणी पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून नेऊन शुद्ध करावे, वाळलेल्या गाळाचे नीट खत करावे. कोकणच्या पावसात वाफ्यांवर छप्पर लागेल, इतकेच. चार-पाच गावांस मिळून एक केंद्र पुरते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवली होती. ती कोठे खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदारास आहे.

दीक्षा घेतलेल्या बंधुभगिनींनो! १९५६ नंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले. त्यांच्यावर बहिष्कार पडले, तरी ते डगमगले नाहीत. आज तेच काम टाकीच्या रूपाने दाराशी आले आहे. चार पैशांसाठी आपल्या घरातील कोणीही टाकीत उतरू नये, आणि आपल्या घरची टाकी उपसण्यासाठीही कोणा माणसास उतरवू नये. दुसरा नियम पहिल्याइतकाच कडक पाळा. नाहीतर आपण केवळ जागा बदलली, समाज बदलला नाही, असे होईल. येत्या ग्रामसभेत यंत्रगाडी व प्रक्रिया केंद्राचा ठराव मांडा, आणि तो इतिवृत्तात नोंदल्याखेरीज उठू नका.

जय भीम!