कारच्या बॅटरीचे वय वर्षांत नको, उन्हाळ्यांत मोजा

नव्या कारसोबत कारखान्यातून बसून आलेली बॅटरी किती टिकते, या प्रश्नाला साधारण एकच उत्तर मिळते : तीन ते पाच वर्षे. उत्तर चुकीचे नाही; पण ते महाबळेश्वर आणि भुसावळ यांना एकाच मापाने मोजते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे ही आता बातमीही राहिलेली नाही. दुसरीकडे, थंडीच्या लाटेत धुळ्यात पहाटे तो ५-६ अंशांपर्यंत उतरतो. अशा हवामानात ‘अजून पाच वर्षे कुठे झालीत?’ म्हणत थांबणारा कारमालक एखाद्या सकाळी अडकतो. खान्देशात बॅटरीचे वय वर्षांत नव्हे, तर तिने काढलेल्या उन्हाळ्यांत मोजायला हवे.

बॅटरी नेमकी कशाने खचते?

पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी कारमधील १२ व्होल्टची बॅटरी शिसे आणि आम्ल यांवर चालते. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये मांडलेले तत्त्व आजही तेच आहे. सहा कप्पे, त्यांत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेले सल्फ्युरिक आम्ल. उष्णता वाढली की आतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. प्लेटांची जाळी झिजते आणि पाणी कमी होते. बॅटरीचे तापमान सतत १० अंशांनी जास्त राहिले तर तिचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे.

खान्देशात बारा महिने ऊन नसते, त्यामुळे आयुष्य थेट निम्मे होते असे नाही. पण एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ पुरेसा त्रासदायक असतो. त्यातच बहुतेक गाड्यांत बॅटरी बोनेटखाली, इंजिनच्या शेजारी असते. बाहेर ४५ अंश असताना तिथली उष्णता किती असेल, याचा अंदाज भर दुपारी बोनेट उघडणाऱ्या कोणालाही येईल.

मग गाडी थंडीतच का बंद पडते?

कारण नुकसान एका ऋतूत होते आणि दिसते दुसऱ्या ऋतूत. उन्हाळ्यात खचलेली बॅटरी उबदार हवेत कसेबसे स्टार्टर फिरवते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इंजिनातले ऑइल घट्ट होते, स्टार्टरला जास्त जोर लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद घटलेली असते. धुळे-साक्रीकडचा मालक मग थंडीला बोल लावतो. खरे तर बॅटरी मे महिन्यातच अर्धी गेलेली असते.

छोट्या फेऱ्या त्यात भर घालतात. घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर, तेही एसी चालू ठेवून, एवढ्या अंतरात स्टार्ट करताना खर्च झालेली वीज पूर्ण भरून निघत नाही. बॅटरी कायम अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. नंतर बसवलेले डॅशकॅम, जीपीएस किंवा मोठी म्युझिक सिस्टीम गाडी उभी असतानाही थोडी थोडी वीज ओढू शकतात.

खान्देशात किती काळ धरावा?

सोपा हिशेब असा : पहिले तीन उन्हाळे साधारण निर्धास्त, चौथ्या उन्हाळ्यापूर्वी तपासणी, आणि त्यानंतर दर वर्षी. मार्च २०२३ मध्ये घेतलेली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये घेतलेली अशा दोन गाड्या समोर ठेवल्या, तर वयात फरक फक्त चार महिन्यांचा. पण जुलै २०२६ मध्ये पहिलीच्या बॅटरीने चार उन्हाळे काढलेले असतील, दुसरीच्या तीन. तारखेपेक्षा हा हिशेब जास्त खरा. बॅटरीवरचा निर्मितीचा महिना-वर्षही पाहावा. गाडी विकली जाण्यापूर्वी यार्डात एखादा उन्हाळा उभी राहिली असेल, तर तोही धरायला हवा.

हा नियम दगडावरची रेघ नाही. सावलीत उभी राहणारी, रोज धुळे-जळगाव महामार्गावर धावणारी गाडी पाचवे वर्षही गाठू शकते. उघड्यावर उभी राहून आठवड्यातून एकदा निघणारी तिसऱ्याच वर्षी कुरकुरू लागते.

तपासणीत काय पाहायचे?

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट असतील तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण आणि १२.२ म्हणजे निम्मी. मात्र नुसत्या व्होल्टवर विसंबू नये. थकलेली बॅटरीही आराम मिळाल्यावर चांगला आकडा दाखवते. म्हणून लोड टेस्ट किंवा डिजिटल टेस्टरची चाचणी करून घ्यावी. त्यात इंजिन फिरवण्याची ताकद सीसीए या आकड्यात कळते. बॅटरीवर छापलेल्या आकड्याच्या तुलनेत ती बरीच उतरली असेल, तर निर्णय सोपा होतो.

बदलाच म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा?

चाचणीशिवाय ठेवू नये. तीन वर्षे झाली की डोळे झाकून बॅटरी बदलणे हा दुकानदाराच्या फायद्याचा व्यवहार आहे. कित्येकदा दोष टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या भुकटीचा, सैल क्लॅम्पचा किंवा नीट चार्ज न करणाऱ्या अल्टरनेटरचा असतो. असा दोष तसाच राहिला तर नवी बॅटरीही लवकर जाते. ज्या गाड्यांचे इंजिन सिग्नलवर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, त्यांना ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते. तिच्या जागी स्वस्त साधी बॅटरी बसवणे ही बचत नव्हे.

‘चालतेय तोवर चालवू’ हाही तोट्याचाच हिशेब. पूर्वी चार जणांनी ढकलले की गाडी सुरू व्हायची. ऑटोमॅटिक गाडीला तो उपाय चालत नाही. घरातल्या आजारी माणसाला रात्री दवाखान्यात न्यायचे असताना हा प्रश्न पैशांचा राहत नाही.

यात कंपन्यांची जबाबदारी मोठी आहे. गाडीची वॉरंटी आणि बॅटरीची वॉरंटी एकच असते असे नाही. ग्राहकाला हा फरक गाडी हातात देतानाच सांगितला पाहिजे. उष्ण जिल्ह्यांसाठी सर्व्हिस पुस्तिकेत वेगळे वेळापत्रक असावे आणि तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक सर्व्हिसमध्ये बॅटरी चाचणीची छापील पावती मिळावी. ‘चेक केली, ओके आहे’ एवढे तोंडी उत्तर पुरेसे नाही.

जुन्या बॅटरीचे काय?

बॅटरीच्या वजनात सुमारे ६० टक्के शिसे असते, म्हणून जुनीलाही किंमत असते. नवी घेताना ती जमा करून बिलात वजावट दाखवून घ्यावी. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. चार पैसे जास्त देणाऱ्या फिरत्या भंगारवाल्याकडे ती गेली, तर आम्ल गटारात आणि शिशाचा धूर वस्तीत जाण्याचा धोका असतो. जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात म्हटले होते. बॅटऱ्यांची बेकायदा मोडतोड हे त्याचे एक मोठे कारण आहे.

खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा ऊन डोक्यावर असते आणि रस्त्यावर गाड्यांची गर्दी. त्याआधी, गुढीपाडव्याच्या सुमारास, दहा मिनिटे काढून बॅटरी तपासून घ्यावी. उन्हाळा टाळता येत नाही; त्याच्याआधी बॅटरीची ताकद मात्र कळू शकते.