सपाटीवरचा डोंगर



इंदूर शहरातून उत्तरेस सांवेर व पुढे उज्जैनकडे जाणाऱ्या मार्गास सांवेर रोड म्हणतात. दुतर्फा कारखाने, गोदामे आणि मालमोटारींच्या रांगा. त्या संपल्या की काळ्या मातीची शेते सुरू होतात. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. क्षितिजापर्यंत नजर अडेल असे काही आढळत नाही. या रस्त्यालगतच्या एका वसाहतीत आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. मूळचे वसईकडचे. मुलगा कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करतो. वडील निवर्तल्यावर त्याने आईला गावाहून इकडे आणले. या आजींविषयी आज लिहावयाचे आहे.

एका रविवारी मिस्सेनंतर त्या आम्हास म्हणाल्या, "फादर, घर चांगले आहे, सूनही मायाळू आहे. पण सकाळी दार उघडून पाहावे तर पुढ्यात काहीच नाही. आमच्याकडे उगवतीला तुंगारेश्वराचा डोंगर, मावळतीला समुद्र, आणि मधे माणूस. इथे माणूस कशाच्या मधे आहे, तेच कळत नाही."

आम्ही उत्तर दिले, "होईल सवय, आजी." त्यांनी मान हलविली आणि त्या निघून गेल्या.

महिनाभराने मुलगा भेटावयास आला. आई जेवत नाही, कोणाशी फारसे बोलत नाही, गावी परत पाठवावे काय, असे तो विचारू लागला. गावाकडील घर बंद होते, पाहणारे कोणी नव्हते. तो उठून गेल्यावर आमचे ते कोरडे उत्तर आम्हास आठवले. इतकी वर्षे या शहरात राहून इथे डोंगर आहे की नाही, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. म्हणून नकाशा उघडला.

नकाशाने आमची चांगलीच फजिती केली. ज्या शहरास आम्ही सपाट म्हणतो, ते समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ पुण्याइतक्याच उंचीवर आहे. माळवा हे पठार आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाचे थरांवर थर साचून सह्याद्रीचा काळा पाषाण झाला, त्याच लाव्हारसाने माळवाही घडविला. शेतातली काळी माती ही त्याच पाषाणाची झीज होय. पठाराची दक्षिणेकडील कड म्हणजे विंध्य पर्वत. तेथून जमीन उत्तरेकडे हळूहळू उतरत जाते. हा उतार इतका सौम्य की पायांस तो जाणवत नाही, पाण्यास मात्र बरोबर कळतो. तात्पर्य, आम्हास डोंगर दिसत नव्हता, याचे कारण आम्ही त्याच्या माथ्यावरच घर करून राहिलो होतो.

पठारावरही लहानमोठ्या टेकड्या आहेतच. विमानतळाजवळ बिजासन मातेची टेकडी आहे. तेथून सूर्यास्त सुरेख दिसतो, आणि लहान मुलांस विमाने पाहावयास मिळतात ती निराळीच. शहराच्या दक्षिणेस रालामंडल ही वनराईने झाकलेली टेकडी. तिच्या माथ्यावर होळकरांची जुनी शिकारवाडी आहे. जेथे राजे शिकारीस जात, तेथे १९८९ पासून अभयारण्य आहे. माथ्याची उंची सुमारे ७८० मीटर, म्हणजे समुद्रापासून मोजली तर माथेरानच्या जवळपास. पायथाच उंच असल्यामुळे चढण मात्र थोडी. वाट रुंद असून म्हाताऱ्या माणसांनाही सावकाश चढता येते.

नेमावर मार्गावर देवगुराडियाची टेकडी आहे व तेथे महादेवाचे जुने मंदिर आहे. या टेकडीच्या परिसरात शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला जाई. सुमारे १३ लाख टनांचा हा दुसरा डोंगर माणसांनी रचलेला होता. २०१८ मध्ये महानगरपालिकेने तो उपसून वेगळा केला व जमीन मोकळी केली. २०२२ पासून तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा कारखानाही उभा आहे. पूर्वी ज्या बाजूने नाक दाबून जावे लागे, तेथे आता शाळेची मुले सहलीस नेता येतात.

थोडे दूर जाण्याची तयारी असेल तर देवास आहे. गावाच्या उशालाच देवीची टेकडी. देवासला मराठी पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली व धाकटी. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर हे १९२१ मध्ये थोरल्या गादीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते, आणि पुढे १९५३ मध्ये त्यांनी तेथील आठवणींचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावातही हीच टेकडी आहे. महूच्या पुढे जानापाव हा सुमारे ८५० मीटर उंचीचा डोंगर. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून लोक त्यास मानतात, कार्तिकी पौर्णिमेस तेथे जत्रा भरते, आणि चंबळा नदी याच डोंगरांत उगम पावते. पाताळपाणी येथे चोरल नदी पठारावरून सुमारे ३०० फूट खाली झेपावते. २०१८ मध्ये पाताळपाणी ते कालाकुंड अशी मीटरमापी लोहमार्गावरील वारसागाडी सुरू झाली. ती नित्य नसते, म्हणून आधी चौकशी करूनच निघावे. एक इशारा मात्र देणे आमचे कर्तव्य आहे. जुलै २०११ मध्ये याच धबधब्यावर वरून अचानक लोंढा आला, आणि पाण्यात उभे असलेले एक कुटुंब सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी वरच्या अंगास पाऊस झालेला असू शकतो. पावसाळ्यात प्रवाहात पाऊल घालू नये.

आजींना कोठे न्यावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. गुडघे दुखत असल्याने चढण नको होती. शेवटी जाम दरवाजा ठरला. महूहून मंडलेश्वर-महेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर, पठाराच्या अगदी कडेशी, अहिल्याबाई होळकरांच्या कारकीर्दीतला हा दगडी दरवाजा उभा आहे. माळव्यातून निमाडात, राजधानी महेश्वरास उतरण्याची ही वाट. भाड्याची जीप केली. आजी, मुलगा, सून, दोन नातू व आम्ही. श्रावणाचे दिवस होते. वाटभर आजी गप्पच होत्या. दरवाजापाशी उतरलो तेव्हा धुक्यामुळे काही दिसत नव्हते. आमचा बेत फसला असे वाटून आम्ही मनात खट्टू झालो. सुनेने डबा उघडला. पोरांनी पोळ्या खाल्ल्या.

अर्ध्या तासाने वारा सुटला. धुके फाटले, आणि पायांखालची जमीन जेथे संपते, तेथून खाली हिरव्या डोंगरांच्या सोंडा एकीमागून एक निमाडाकडे उतरत गेलेल्या दिसल्या. आजी कठड्याजवळ गेल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "हे पाणी कुठे जाते, फादर?"

आम्ही सांगितले की या उतारावरचे पाणी नर्मदेस मिळते, आणि नर्मदा पश्चिमेस वाहत जाऊन अरबी समुद्रास मिळते.

"म्हणजे आमच्याच समुद्राला?"

"होय, तुमच्याच."

तेव्हा थोरला नातू, जो सहावीत आहे, त्याने विचारले की मग आपल्या सांवेर रोडवरचे पाणी कुठे जाते? ते उत्तरेस जाते, आम्ही म्हणालो. खान नदीतून क्षिप्रेस, क्षिप्रेतून चंबळेस, चंबळेतून यमुनेस, यमुनेतून गंगेस, आणि गंगेतून बंगालच्या उपसागरास. पोराने बोटांवर नद्या मोजल्या. आजी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग इथेही माणूस मधेच आहे की. एका बाजूला तो समुद्र, एका बाजूला हा."

वाचकहो, आजींचे दुःख त्या दिवशी संपले, असे आम्ही म्हणणार नाही. गावची आठवण काढून त्या अजूनही डोळे पुसतात. मुलाने परतीचे तिकीट मात्र काढले नाही. परवा पावसाची पहिली सर आली तेव्हा आम्ही त्यांच्या दारावरून जात होतो. गल्लीतले गढूळ पाणी गटाराकडे धावत होते, आणि उंबऱ्यात बसलेल्या आजी धाकट्या नातवास ते कोणकोणत्या नदीस मिळणार, हे समजावून सांगत होत्या. क्षिप्रा त्या विसरल्या होत्या, ती नातवाने सांगितली.

तुमच्याही घरी गाव सोडून आलेले कोणी वडीलधारे माणूस असेल. ते काही बोलत नसेल, तर त्यास सर्व काही आवडले आहे, असे समजू नका. एक दिवस काढा, डबा बांधा, आणि जेथून दूरवर दिसते अशा जागी त्यांना घेऊन जा. "होईल सवय" हे वाक्य आम्ही तरी आता कोणास ऐकवीत नाही.