जागावाटप आता आपल्यालाच करायचं आहे

एप्रिल २०२५ मधल्या निवडणुकीआधीचं हे आवाहन कॅनडात राहणाऱ्या डाव्या विचारांच्या मराठी मतदारांना आहे. स्वतःला डावं म्हणवून घेणं ज्यांना आवडत नाही, पण सार्वजनिक आरोग्यसेवा, परवडणारं घरभाडं आणि कामगारांचे हक्क ज्यांना हवे आहेत, त्यांनाही आहे. मतदान सोमवारी, २८ एप्रिल २०२५ ला. आगाऊ मतदान त्याआधी: शुक्रवार १८ ते सोमवार २१ एप्रिल, ईस्टरच्या सुट्टीचे चार दिवस, सकाळी ९ ते रात्री ९. तुम्ही मत देऊन टाकण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी घाईनं लिहितो आहे.

आपल्यातले पुष्कळ लोक या वेळी एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) किंवा ग्रीन सोडून मार्क कार्नींच्या लिबरल पक्षाकडे निघाले आहेत. कारण उघड आहे. ट्रम्प कॅनडाला ५१ वं राज्य म्हणतात. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मोटारींवर २५ टक्के आयातकर बसला, आणि हॅमिल्टन, विंडसरच्या कामगारांची झोप उडाली आहे. अशा वेळी कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पिएर पॉलिएव्ह पंतप्रधान झाले तर सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या इंग्रजी सेवेचा निधी बंद होईल, सामाजिक योजनांना कात्री लागेल, ही धास्ती खरी आहे. पाहण्यांमध्ये एनडीपी एक आकडी टक्क्यांवर घसरली आहे. मग माणूस म्हणतो, आता मत वाया घालवायला नको, एकगठ्ठा लिबरलना देऊ.

माझं म्हणणं एवढंच आहे की मत वाया जाणार की नाही, हे देशाच्या पाहणीवरून ठरत नाही. ते तुमच्या मतदारसंघात ठरतं. इथे पंतप्रधान थेट निवडला जात नाही. ३४३ मतदारसंघ आहेत आणि तितक्याच वेगवेगळ्या लढती आहेत.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला मतविभागणी समजावून सांगावी लागत नाही. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मतं मिळाली, हे आपल्यापैकी अनेकांनी इथे बसून पाहिलं. (वंचितला लढायचा पूर्ण अधिकार होता, ती मतं कुणाची जहागीर नव्हती, हेही तितकंच खरं.) पण तिकडे निदान निवडणुकीआधी आघाडीची बोलणी होतात, जागावाटपावर रात्र-रात्र घासाघीस चालते आणि कोणती जागा कुणी लढवायची ते ठरतं. कॅनडात तसं होत नाही. लिबरल आणि एनडीपी जवळपास प्रत्येक जागी एकमेकांसमोर उभे असतात. म्हणून पक्षांनी न केलेलं जागावाटप मतदारांनाच करावं लागतं. ते डोळसपणे करा, ही माझी विनंती आहे.

सगळ्यात मोठी चूक कुठे होऊ घातली आहे, ते आधी सांगतो. काही जागा अशा आहेत जिथे कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराला रोखून धरणारा माणूस एनडीपीचा आहे, लिबरल नाही. विनिपेगमधल्या एल्मवूड–ट्रान्सकोनाचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२४ मध्येच तिथे पोटनिवडणूक झाली. लढत सरळ एनडीपी विरुद्ध कॉन्झर्व्हेटिव्ह अशी झाली, एनडीपी जिंकली आणि लिबरल उमेदवाराला ५ टक्केही मतं पडली नाहीत. एडमंटन ग्रीसबाखमध्ये २०२१ साली एनडीपीच्या ब्लेक देजार्ले यांनी विद्यमान कॉन्झर्व्हेटिव्ह खासदाराला हरवलं. लंडन–फॅनशॉ आणि व्हँकुव्हर बेटावरचं कॉविचन या ठिकाणीही एनडीपीच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर कॉन्झर्व्हेटिव्हच होते. अशा ठिकाणी 'पॉलिएव्हना रोखायचं' म्हणून हजारो लोकांनी लिबरल उमेदवाराला मत दिलं तर ती जागा कुणाच्या पदरात पडेल? ज्याला रोखायचं होतं त्याच्याच. तुम्ही किंवा तुमचे नातलग अशा मतदारसंघात राहत असाल तर त्यांना आजच फोन करा.

दुसऱ्या जागा नेमक्या उलट आहेत, आणि आपली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं त्याच भागात राहतात. मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, मिल्टन, ओकव्हिल इथली लढत लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्यात असते आणि एनडीपी तिसरी असते. मनातून एनडीपीचे असाल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार नको असेल, तर तिथे लिबरल उमेदवाराला मत देण्यात काही कमीपणा नाही. मी स्वतः अशा ठिकाणी असतो तर तेच केलं असतं.

आणि काही जागी ही भीती मुळातच गैरलागू आहे. टोरोंटोतल्या डेव्हनपोर्टमध्ये २०२१ साली लिबरल उमेदवार एनडीपीच्या उमेदवारापेक्षा फक्त ७६ मतांनी पुढे होत्या. कॉन्झर्व्हेटिव्ह कुठल्या कुठे मागे होते. तिथे एनडीपीला मत दिल्यानं पॉलिएव्ह येत नाहीत. माँट्रियलच्या रोझमाँमध्येही, जिथून २०२१ साली केबेकमधले एनडीपीचे एकमेव खासदार अलेक्झांद्र बुलेरीस निवडून आले, हीच गोष्ट. तिथे मनाला पटेल त्याला मत द्या. अल्बर्टाच्या ग्रामीण भागात, जिथे कॉन्झर्व्हेटिव्ह निम्म्याहून कितीतरी जास्त मतं घेतात, तिथेही तसंच करा.

ग्रीन पक्षाचा प्रश्न थोडा अवघड आहे. एलिझाबेथ मे यांची सानिच–गल्फ आयलंड्स आणि माइक मॉरिस यांची किचनर सेंटर या दोन जागा २०२१ साली ग्रीननंच जिंकल्या, त्यामुळे तिथे डाव्या मताला जागा आहे. ननाइमो–लेडीस्मिथमध्ये मात्र २०२१ साली एनडीपी, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि ग्रीन हे तिघेही २५ ते २९ टक्क्यांच्या दरम्यान होते. एनडीपी जेमतेम निसटली. तिथले डावे मतदार या दहा दिवसांत आपसात बोलून एका बाजूला झुकले नाहीत तर ती जागा हातची जाईल. माझा कल विद्यमान खासदाराकडे आहे.

आता कुणी म्हणेल, एनडीपीचे चार खासदार कमी-जास्त झाल्यानं काय बिघडतं? शेवटी सरकार लिबरलच करणार. या प्रश्नाचं उत्तर कॅनडाच्या इतिहासातच आहे.

सार्वजनिक आरोग्यसेवा आधी सस्कॅचेवान प्रांतात १ जुलै १९६२ ला सुरू झाली, एनडीपीचे पहिले नेते टॉमी डग्लस यांच्या पक्षानं आणली, आणि तिच्याविरुद्ध डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. ती देशभर नेणारा कायदा १९६६ मध्ये लेस्टर पिअर्सन यांच्या लिबरल सरकारनं केला, पण ते सरकार अल्पमतातलं होतं आणि संसदेत एनडीपीचे २१ खासदार बसले होते. १९७२ ला पिएर ट्रूडोंना १०९ आणि विरोधी कॉन्झर्व्हेटिव्हना १०७ जागा मिळाल्या. डेव्हिड लुईस यांच्या एनडीपीच्या ३१ खासदारांच्या टेकूवर सरकार चाललं. निवडणूक खर्चावर कायद्यानं मर्यादा आली, पेट्रो-कॅनडा या राष्ट्रीय तेल कंपनीचा निर्णय झाला. मग १९७४ मध्ये निवडणूक झाली. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते स्टॅनफिल्ड पगार आणि किमती गोठवायचं म्हणत होते, आणि ट्रूडो त्याविरुद्ध प्रचार करत होते. एनडीपी ३१ वरून १६ वर आली, लुईस स्वतः पडले, लिबरलना बहुमत मिळालं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७५ मध्ये, त्याच ट्रूडोंनी पगारनियंत्रण लादलं. १४ ऑक्टोबर १९७६ ला देशभर लाखो कामगार निषेधासाठी काम सोडून बाहेर पडले, पण तोवर संसदेत सरकारचा हात धरणारं कुणी उरलं नव्हतं.

हेच २०१५ मध्ये पुन्हा घडलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान हार्पर नकोत म्हणून डावं मत लिबरलकडे वळलं, एनडीपी १०३ जागांवरून ४४ वर आली. जस्टिन ट्रूडोंनी वचन दिलं होतं की जुन्या मतदान पद्धतीनं होणारी ही शेवटची निवडणूक. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. २०१८ मध्ये त्यांच्या सरकारनं साडेचार अब्ज डॉलर देऊन ट्रान्स माउंटन तेलवाहिनी विकत घेतली. उलट बाजूही सांगायला हवी: २०११ मध्ये जॅक लेटन यांच्या एनडीपीनं १०३ जागा जिंकल्या, लिबरल ३४ वर आले, आणि अनेक जागी मतं फुटल्यानं हार्पर यांना ३९.६ टक्के मतांवर पूर्ण बहुमत मिळालं. म्हणून मी डोळे मिटून एनडीपीला मत द्या असं म्हणत नाही. डोळे मिटून कुणालाच देऊ नका म्हणतो.

मागच्या संसदेत २५ खासदारांच्या बळावर काय मिळालं, ते आपल्या घरात दिसतं आहे. ज्या कुटुंबाचं उत्पन्न ९० हजार डॉलरच्या आत आहे आणि ज्यांच्याकडे खासगी विमा नाही, त्यांना दंतोपचाराची सरकारी योजना मिळाली. आपण स्पॉन्सर करून आणलेल्या आईवडिलांपैकी कित्येकांना तिचा उपयोग आहे. मधुमेहाची औषधं आणि गर्भनिरोधकं मोफत देणाऱ्या कायद्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यावर मॅनिटोबा, ब्रिटिश कोलंबिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड यांनी करार केले आहेत. इतर अनेक प्रांतांचे करार अजून व्हायचे आहेत, आणि ते होणार की लटकणार हे पुढची संसद ठरवेल. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी औषधांच्या या विधेयकाविरुद्ध मतदान केलं होतं. केंद्राच्या अखत्यारीतल्या उद्योगांत संपकाळात बदली कामगार आणण्यावर बंदी घालणारा कायदाही झाला, तो जून २०२५ पासून लागू. पण त्याच लिबरल सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये रेल्वे कामगारांना, नोव्हेंबरमध्ये बंदरांतल्या आणि डिसेंबरमध्ये टपाल कामगारांना कामगार कायद्याचं कलम १०७ वापरून कामावर परत जायला भाग पाडलं. कार्नींनी आल्या-आल्या भांडवली नफ्यावरची प्रस्तावित करवाढ रद्द केली आणि ग्राहकांवरचा कार्बन कर शून्यावर आणला. ट्रम्पशी बोलायला ते योग्य माणूस असतीलही. पण त्यांच्या डाव्या बाजूला कुणी नसलं तर त्यांचा पक्ष कुठे सरकतो, हे आपल्याला आधीच माहीत आहे.

आणि १२ हा आकडा लक्षात ठेवा. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये १२ खासदार नसतील तर पक्षाला अधिकृत दर्जा मिळत नाही. समित्यांत जागा नाही, प्रश्नोत्तराच्या तासाला रोजचे प्रश्न नाहीत, संशोधनासाठी निधी नाही. १९९३ मध्ये एनडीपीचे ९ खासदार आले आणि तिची हीच गत झाली. या वेळी ती वेळ पुन्हा येण्याचा धोका खरा आहे.

गाझाच्या प्रश्नावर सगळ्याच पक्षांवर चिडलेले, मतदानच करायचं नाही म्हणणारे मित्र मला माहीत आहेत. त्यांचा राग मी समजतो. पण घरी बसलेल्या माणसाची मोजदाद कुठेच होत नाही, आणि भारतासारखा 'नोटा' इथल्या मतपत्रिकेवर नसतो. आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांना या प्रश्नावर काय वाटतं ते त्यांना फोन करून विचारा आणि मग ठरवा.

आता कामाचं. इलेक्शन्स कॅनडाच्या संकेतस्थळावर पोस्टल कोड टाकला की मतदारसंघ आणि उमेदवार कळतात. या निवडणुकीसाठी मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आहेत, म्हणून जुन्या निकालावर विसंबू नका. २०२१ ची मतं नव्या सीमांवर मांडून इलेक्शन्स कॅनडानं दिली आहेत, ती बघा. जागांचे अंदाज सांगणारे तक्ते जपून वाचा. त्यांतले बहुतेक आकडे प्रांताच्या पाहणीवरून काढलेले असतात, तुमच्या गल्लीत कुणी विचारलेलं नसतं. मग आपल्या मंडळातल्या, इमारतीतल्या तीन-चार घरांशी बोला. ज्यांना अजून नागरिकत्व नाही त्यांना मत देता येत नाही, पण प्रचाराला हातभार लावता येतो.

आगाऊ मतदानाच्या दिवशी जमलं नाही तर मंगळवार २२ एप्रिलला संध्याकाळी ६ वाजेपर्यंत तुमच्या भागातल्या इलेक्शन्स कॅनडाच्या कार्यालयात मत देता येतं. टपालानं मत द्यायचं असेल तर अर्जाची मुदतही तीच. ओळखीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स पुरेसं आहे. ते नसेल तर नाव असलेली दोन कागदपत्रं लागतात, त्यांतल्या एकावर पत्ता हवा. पासपोर्टवर पत्ता छापलेला नसतो, म्हणून आईवडिलांना घेऊन जाताना बँकेचं स्टेटमेंट किंवा विजेचं बिल सोबत ठेवा. यादीत नाव नसेल तर केंद्रावर नोंदवता येतं. २८ तारखेला कामावर असाल तर मतदानासाठी सलग तीन तास मिळण्याचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे, आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. ओंटारिओत केंद्रं सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ उघडी राहतील, ब्रिटिश कोलंबियात सकाळी ७ ते संध्याकाळी ७. बंद होण्याच्या वेळेला रांगेत उभे असाल तर मत देता येतं, परत फिरू नका.