ग्रंथपालाचेही शिक्षण चालू हवे

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांना हक्काची जागा मिळावी म्हणून, हे आपल्या घरातले शाळकरी पोरही सांगते. पण पुस्तके नुसती असून भागत नाही. ती वाचकाच्या हाती देणारा माणूस जाणता लागतो.

ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. हे शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते. बाबासाहेबांना 1913 साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी त्याआधीच, 1911 साली, बडोद्यात ग्रंथालयाच्या कामाचे वर्ग काढले. त्यासाठी बोर्डन नावाचे अमेरिकन तज्ज्ञ आणले. पुढे 1924 साली मद्रास विद्यापीठाने गणिताचे प्राध्यापक रंगनाथन यांना ग्रंथपाल नेमले, तेव्हा तेही लंडनला जाऊन हे काम शिकून आले.

एकदा बी.लिब. झाले की शिक्षण संपले, असे या पेशात नाही. कार्डांचे खण गेले, संगणक आला. सोल, कोहा यांसारखी सॉफ्टवेअर आली. पीएच.डी.चे हजारो प्रबंध आता शोधगंगेवर कोणालाही फुकट वाचता येतात. जुन्या ग्रंथपालांनी हे शिकावे म्हणून विद्यापीठांतून उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग भरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पहिल्या बढतीसाठी 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि संगणकीकरणासारख्या विषयाचे किमान 5 दिवसांचे प्रशिक्षण अशी अट घातली.

नियम ठीक आहे. पण लहान महाविद्यालयात ग्रंथपाल एकटाच असतो. तो गेला तर ग्रंथालयाला कुलूप, म्हणून संस्था त्याला सोडत नाही. जो तात्पुरता नेमलेला, त्याला बढतीच नाही, मग वर्गाला पाठवणार कोण? आणि काहीजण जातात ते केवळ प्रमाणपत्रासाठी.

याचा फटका कोणाला बसतो? ज्याच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्याला नाही. बिगारी करून, धुणीभांडी करून आईबाप ज्याला शिकवतात, त्या आपल्या मुलाला बसतो. पुस्तकपेढीतून संच मिळवून देणारा, शोधगंगा उघडून दाखवणारा, स्पर्धा परीक्षेची पुस्तके सुचवणारा माणूस त्याला ग्रंथालयातच भेटायचा. तोच मागे राहिला तर मुलाने कोणाकडे बघावे?

म्हणून आमचे सांगणे असे. प्रवेश घेताना पालकांनी फीबरोबर ग्रंथालयाचीही चौकशी करावी. ग्रंथपाल पूर्णवेळ आहे का, संगणकावर मुलांना बसू देतात का, हे विचारायला शिकलेले असावे लागत नाही. संस्थांच्या कार्यकारिणीवर आपली जी माणसे आहेत त्यांनी ग्रंथपालाला वर्गासाठी सोडावे आणि तेवढे दिवस बदली माणूस द्यावा. पदवीधर मुलामुलींनी ग्रंथालयशास्त्राचाही विचार करावा.

आणि आपल्या विहारातले वाचनालय? जवळच्या महाविद्यालयातील ग्रंथपालांना एखाद्या रविवारी आदराने बोलवा. पुस्तकांची वर्गवारी कशी लावायची, नोंदवही कशी ठेवायची, हे वस्तीतल्या दोन मुलींना त्यांच्याकडून शिकू द्या. पेटीत बंद पडलेली पुस्तके पुन्हा फिरू लागतील.