शाळेच्या ताटातलं अंडं कुठे गेलं? शाकाहार-मांसाहाराच्या वादाचा खरा हिशोब

शाकाहार चांगला की मांसाहार? हा प्रश्न कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, तासाभरात दोन तट पडतात. कुणी पैलवानाचा खुराक सांगतं, कुणी नव्वदी गाठलेल्या शाकाहारी आजोबांचा दाखला देतं. पण हा वाद घालणाऱ्या बहुतेकांच्या घरात दूध, डाळ, पनीर, अंडी, मासे यातलं काय आणायचं हे ठरवण्याइतके पैसे असतात. ज्यांच्याकडे तेवढे नसतात, त्यांच्यासाठी हा वाद वेगळाच असतो. तो बघायचा असेल तर सरकारी शाळेतल्या दुपारच्या जेवणाकडे वळावं लागेल.

नेमकं काय घडलं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की, शालेय पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं. उकडून द्या, नाहीतर पुलावात घाला. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. अंड्यामागे पाच रुपये धरले होते.

लगेच विरोध सुरू झाला. त्यानंतर सरकारने सांगितलं की, ज्या शाळेत ४० टक्के पालकांचा विरोध असेल, तिथे अंडी द्यायची नाहीत. म्हणजे उरलेल्या ६० टक्के पालकांना अंडं हवं असलं, तरी त्यांच्या मुलांना ते मिळणार नाही.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये नवा शासन निर्णय आला. अंड्यांवर बंदी घातली नाही, पण राज्याने त्यासाठीचा पैसा थांबवला. शाळेला अंडी द्यायची असतील तर लोकसहभागातून, म्हणजे गावातून वर्गणी काढून द्यावीत, असं ठरलं. बातम्यांनुसार हा खर्च वर्षाला सुमारे ५० कोटी रुपयांचा होता.

एका अंड्याने असा काय फरक पडतो?

या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजच्या जेवणातून १२ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा केंद्राचा नियम आहे. एका साधारण अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. शिवाय ती शरीराला सहज वापरता येतात आणि सोबत बी-१२ जीवनसत्त्वही मिळतं.

आणि गरज किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत आणि ३६ टक्के मुलांचं वजन कमी आहे. हीच मुलं पुढे पहिलीत येतात.

मग शाकाहारी मुलांचं काय?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नीट ठरवून घेतलेला शाकाहार मुलांच्या वाढीला पुरेसा पडतो. डाळ-भात, उसळ-भाकरी यांची जोडी आपल्याकडे उगाच बसलेली नाही. धान्यात जे कमी असतं ते कडधान्य भरून काढतं. फक्त बी-१२ साठी दूध, दही, ताक ताटात नियमित हवं, कारण ते वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही.

अडचण आहे ती ‘अंड्याऐवजी केळं’ या सोयीत. केळ्याने पोट भरतं, ऊर्जा मिळते. पण एका केळ्यात प्रथिनं असतात साधारण एक ग्रॅम आणि बी-१२ नसतंच. अंडं न खाणाऱ्या मुलाला बरोबरीचं काही द्यायचं असेल तर ते पेलाभर दूध आहे. मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे दिले तर निदान प्रथिनांचा हिशोब जुळतो. म्हणजे गेल्या वादात शाकाहारी मुलांच्या नावाने बरंच बोललं गेलं, पण त्यांच्या ताटातही अंड्याच्या तोडीचं काही पडलं नव्हतं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय?

त्यांचे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला मुद्दा श्रद्धेचा. आपलं लेकरू शाळेत चुकून किंवा मित्रांच्या आग्रहाने अंडं खाईल, ही जैन, वारकरी किंवा इतर शाकाहारी घरांतल्या पालकांची काळजी खरी आहे. नियमाच्या भाषेतही अंडं मांसाहारातच मोडतं. अंडं घातलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर हिरवी खूण छापता येत नाही. दुसरा मुद्दा भांड्यांचा. एकाच पातेल्यात अंडा पुलाव झाला तर शाकाहारी मुलाने जेवायचं काय? तिसरा मुद्दा पंगतीत भेद पडण्याचा.

यातल्या दोन मुद्द्यांवर साधा उपाय आहे. अंडं पुलावात न घालता सालासकट उकडून वेगळं द्यायचं. भांडं वेगळं राहतं आणि कुणी काय घेतलं ते उघड दिसतं. राहिला भेदाचा मुद्दा. वर्गात डब्यातून वेगवेगळ्या घरांच्या भाज्या येतात, तशीच एकाच्या ताटात अंडं आणि दुसऱ्याच्या हातात चिक्की असू शकते. एकाच पंगतीत बसून वेगळं खाणं म्हणजे भेद नव्हे. पंगतच वेगळी मांडली, तर तो भेद.

बाकीच्यांनी कसं जमवलं?

तमिळनाडूत शाळेच्या जेवणात अंडं १९८९ पासून आहे. २०१० पासून ते आठवड्यात पाच दिवस मिळतं आणि न खाणाऱ्यांना केळं. तिथे सरकारं बदलली, अंडं राहिलं. कर्नाटकने डिसेंबर २०२१ मध्ये बिदर, कलबुर्गी, रायचूरसह सात जिल्ह्यांपासून सुरुवात केली. तिथेही मठाधीशांनी विरोध केला. सरकारने मुलांना अंडं, केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की यातून निवड दिली आणि पुढे योजना राज्यभर नेली.

लांब कशाला, महाराष्ट्रातच आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून लहान मुलांना अंडं किंवा केळं देण्याची सोय आहे. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं नाही.

मुद्दा अडतो कुठे?

‘लोकसहभागातून द्या’ हे ऐकायला बरं वाटतं. आता हिशोब करा. २०० मुलांच्या शाळेत निम्म्या मुलांनी जरी अंडं घेतलं, तरी पाच रुपयांच्या दराने आठवड्याला ५०० रुपये लागतात. साखर कारखान्याजवळच्या किंवा नोकरदारांच्या गावात ही रक्कम निघेल. पण ज्या पाड्यावरची निम्मी माणसं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात, तिथे वर्गणी कुणाकडे मागायची? जिथे अंड्याची गरज जास्त, तिथेच ते मिळण्याची शक्यता कमी.

‘मी काय खावं’ हे ज्याने त्याने ठरवावं, यावर दोन्ही तटांचं एकमत असतं. मांस न खाणाऱ्यावर जबरदस्ती नको आणि खाणाऱ्यालाही कुणी अडवू नये. पण निवडण्यासाठी समोर निदान दोन गोष्टी असाव्या लागतात. २०१४ च्या केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे सुमारे ६० टक्के लोक मांसाहारी आहेत. त्यांच्यातल्या गरीब घरांतल्या मुलांनी अंडं सोडलेलं नाही, ते त्यांच्या ताटात येतच नाही. त्याला शाकाहार म्हणता येणार नाही.

पालक काय करू शकतात?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात. जेवणाचा विषय या समितीच्या बैठकीत मांडता येतो. तुमचं मूल अंडं खात असेल तर अंड्याची मागणी करा. खात नसेल तर केळ्यावर समाधान मानू नका, दूध किंवा शेंगदाणे मागा. दोन्ही मागण्या एकाच ठरावात बसतात आणि हे पैसे वर्गणीतून नव्हे, सरकारी तरतुदीतून यावेत, असंही त्याच ठरावात लिहिता येतं.